आवाज पुढून, दोष मागे: कुळागरातील एका एटीव्हीच्या सस्पेन्शनचे प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आसपासच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागायतीत, वापरली जाणारी ही एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी चारचाकी) सस्पेन्शनच्या आवाजाची तक्रार घेऊन डिचोलीच्या कार्यशाळेत आमच्याकडे आली, तेव्हा त्या तक्रारीवर आधीच दोन ठिकाणी खर्च होऊन गेलेला होता. गाडी सुमारे 500 सीसीच्या एकसिलिंडर इंजिनाची, पट्ट्यावर चालणाऱ्या स्वयंचलित गिअरची आणि चारही चाकांना ताकद देणारी होती. पुढे आणि मागे प्रत्येक चाकाला वर एक व खाली एक असे दोन आर्म, त्यांच्यामध्ये स्प्रिंगसह शॉकअप, मागच्या दोन चाकांना जोडणारा अँटी-रोल बार आणि प्रत्येक चाकाला स्वतःचा डिस्क ब्रेक, अशी तिची रचना. रस्त्यावर चालवण्याची नोंदणी नसलेली ही गाडी बागायतीबाहेर काढायची म्हटले की पिकअपमध्ये चढवावी लागते. त्यामुळे मालकाने ती शक्य तितके दिवस तशीच वापरली होती, आणि दोष वाढायला तेवढे पुरेसे ठरले.

तक्रार एक म्हणून सांगितली गेली, पण विचारपूस केल्यावर तिच्यात दोन वेगळे आवाज निघाले. पहिला आवाज कुरकुरीचा: कोरड्या दिवसांत, संथ गतीने बांधांवरून जाताना सतत येणारा, आणि पाऊस पडला की नाहीसा होणारा. दुसरा आवाज एकच जोरदार ‘खट’ असा. पाट ओलांडताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा देताना येणारा, आणि मागच्या रॅकवर भार असेल तर बहुतेक वेळा न येणारा. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाचे मत ठाम होते. ‘‘मेस्त्री, आवाज पुढून येतो, डाव्या पायाखाली लागतो,’’ असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. या सांगण्यावर विसंबूनच आधीच्या एका गॅरेजने पुढच्या शॉकअपची जोडी नवी बसवली होती. त्याहीपूर्वी दुसऱ्या ठिकाणी सगळ्या सांध्यांवर गंज सोडवणारे पातळ तेल फवारले गेले होते आणि त्याने काही दिवस कुरकुर थांबलीही होती. हा तात्पुरता आराम फसवा असतो. पातळ तेल बुशमध्ये, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या नळीसारख्या कडीत, शिरून आतले उरलेसुरले ग्रीस धुऊन काढते, वर तेलकट थर ठेवून धूळ धरते, आणि पुढच्या वेळी आवाज आधीपेक्षा कर्कश होतो.

चालकाचे निरीक्षण मात्र खोटे नव्हते. एटीव्हीची चॅसी म्हणजे पोलादी नळ्यांचा जोडलेला सांगाडा, आणि विहिरीवरच्या पंपाच्या लोखंडी पाइपावर एका टोकाला टकटक केली की ती दुसऱ्या टोकाला ऐकू येते, तसा या सांगाड्यातला धक्का जिथे उपजतो तिथेच राहत नाही. त्यातून मागच्या खालच्या आर्मची पुढची गाठ, म्हणजे आर्म चॅसीला जोडणारा सांधा, जिथे बसते, ती जागा चालकाच्या पायफळीच्या अगदी लगत मागे असते. पायाला जाणवलेला धक्का खरा होता, त्याचा उगम मात्र मागच्या डाव्या आर्ममध्ये निघाला.

तपासणीची सुरुवात सस्पेन्शनशी संबंध नसलेल्या गोष्टींपासून केली. रॅकचे कंस, तळाची संरक्षक पत्री, सायलेन्सरवरचे झाकण, बॅटरीची पेटी आणि चाकांचे नट यांपैकी कोणतीही गोष्ट सैल असली तरी ती सस्पेन्शनचा आवाज म्हणून खपते. या गाडीत तळपत्रीचे दोन बोल्ट गायब होते. ते बसवल्यावर एक बारीक खडखड गेली. तक्रारीतले दोन्ही आवाज जसेच्या तसे राहिले.

त्यानंतर इंजिन बंद ठेवून दोघांनी मागचा रॅक लयीत दाबला आणि सोडला. कुरकुर लगेच आली. या साध्या कृतीने बराच गुंता सुटला, कारण चाक फिरत नसताना आणि इंजिन चालू नसताना जो आवाज येतो, तो चाकाच्या बेरिंगचा किंवा ब्रेक पॅडचा असण्याची शक्यता फार कमी असते. पावसात आवाज जातो, या चालकाच्या सांगण्याचाही इथे उपयोग झाला. एका बाटलीत साधे पाणी घेऊन, रॅक दाबत असतानाच एकेका सांध्यावर थोडे थोडे ओतले आणि प्रत्येक वेळी कान दिला. अँटी-रोल बारच्या रबरी बुशांवर पाणी पडून काही फरक पडला नाही, शॉकअपच्या वरच्या व खालच्या डोळ्यांवर (बोल्ट जातो त्या कड्यांवर) पडूनही नाही. मागच्या डाव्या खालच्या आर्मच्या पुढच्या गाठीवर पाणी पडताच कुरकुर थांबली आणि पाणी निथळल्यावर हळूहळू परत आली. असल्या कामाला महागडे कानयंत्र लागत नाही. पाणी मात्र एका वेळी एकाच सांध्यावर पडेल एवढा संयम लागतो, कारण घाईत सगळीकडे पाणी मारले की आवाज जातो आणि पुरावाही जातो.

‘खट’ आवाज रॅक दाबून येत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी वेगळी वाट धरावी लागली. जॅक चॅसीखाली लावून, लाकडी ठोकळ्यांवर गाडी भक्कम टेकवून, मागची दोन्ही चाके अधांतरी केली. चाक वर-खाली धरून हलवले, नंतर मागे-पुढे धरून हलवले. डाव्या चाकाला दोन्ही दिशांनी चाल, म्हणजे सैल हालचाल, लागत होती. ही चाल बेरिंगची की सांध्याची, हे ठरवण्यासाठी सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल (आर्मच्या टोकाला चाक धरणारा भाग) एकमेकांना जखडतात, त्यामुळे बेरिंगमधली चाल लपते आणि सस्पेन्शनमधली तशीच राहते. इथे ती तशीच राहिली. मग अँटी-रोल बारच्या दोन्ही लिंक सोडून गाडी आवारात पाटासारख्या चरावरून नेली. ‘खट’ कायम होता, म्हणून बारही निर्दोष ठरला. या बारवर अनेकदा विनाकारण आळ येतो. दोन्ही चाके एकाच वेळी वर गेली तर त्याला पीळ बसत नाही, एकच चाक वर गेले तर बसतो. त्यामुळे केवळ एका चाकाखाली खड्डा आला की वाजणारा आवाज असेल तर आधी त्याच्याकडे पाहावे, एरवी त्याला शेवटी पाहिले तरी चालते.

यानंतर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून आर्म मोकळा केला, आणि दोष हाताला लागला. मोकळा आर्म वर-खाली सहज फिरायला हवा, तो मध्येच अडकत होता. मागे-पुढे मात्र अजिबात सरकायला नको, तिथे तो सुमारे 3 मिलिमीटर सरकत होता आणि दर वेळी चॅसीच्या कानावर आपटून नेमका तोच ‘खट’ आवाज करत होता. पहारीने हळूच रेटले तरी पुरत होते.

या गाठीची रचना सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आर्मच्या टोकाला आडवी नळी असते. तिच्यात दोन्ही बाजूंनी कठीण प्लास्टिकची, कडा असलेली बुश बसतात, आणि बुशांच्या आत पोलादी स्लीव्ह, म्हणजे आणखी एक बारीक नळी, असते. हे सगळे चॅसीला वेल्ड केलेल्या दोन कानांच्या मध्ये बसवून आरपार बोल्ट घालतात. बोल्ट घट्ट केला की दोन्ही कान स्लीव्हला दोन टोकांनी आवळतात, स्लीव्ह जागच्या जागी जखडते आणि बुश तिच्याभोवती फिरते. म्हणजे फिरण्याचे काम बुश आणि स्लीव्ह यांच्यामध्ये, ग्रीसच्या थरावर, होते. बोल्टने फिरायचे नाही आणि कानाच्या भोकात काहीही हलायचे नाही. रबर चिकटवलेल्या बुशचा हिशेब निराळा आहे. तिथे रबरच पीळ खाते, म्हणून बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, आर्म आपल्या नेहमीच्या उंचीवर असताना आवळावा लागतो, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. मोटारींवर शिकलेला मेकॅनिक हा नियम एटीव्हीलाही लावतो. त्याने नुकसान काही होत नाही, पण खरा प्रश्न स्लीव्ह आवळली जाते की नाही हा असतो आणि तो तपासायचा राहून जातो.

या गाडीत नट कडक होता. टॉर्क पाना लावला तर ठरलेल्या आकड्याला खटका वाजत होता, आणि म्हणूनच आधीच्या दोन्ही ठिकाणी ही गाठ ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला असणार. पण नटाखालचा वायसर नखाने ढकलला तर फिरत होता. घट्ट नटाखाली वायसर फिरणे शक्यच नसते. बोल्ट काढून शेजारच्या मूळ बोल्टाशी ताडून पाहिला. कोणीतरी कधीतरी बाजारातून मिळालेला बोल्ट घातला होता, ज्याची जाडी बरोबर 10 मिलिमीटर असली तरी आटे नसलेला गुळगुळीत भाग मूळ बोल्टापेक्षा लांब होता. नट आट्यांच्या शेवटापर्यंत जाऊन तिथेच रुतला होता. टॉर्क पान्याला तो घट्ट वाटला, चॅसीच्या कानांपर्यंत मात्र आवळ पोचलाच नव्हता. मूळ बोल्टाच्या डोक्यावर ताकदीचा दर्जा सांगणारी 10.9 ही खूण होती आणि या बोल्टाच्या डोक्यावर 8.8, पण या प्रकरणातला मुख्य दोष ताकदीचा नव्हता, लांबीचा होता.

तिथून पुढची साखळी सरळ आहे. स्लीव्ह मोकळी राहिल्यामुळे ती बोल्टावर फिरू लागली. बोल्ट कानाच्या भोकात डोलू लागला आणि भोक लांबट होत गेले. व्हर्नियरने मोजले तेव्हा ते एका दिशेने 11.4 मिलिमीटर भरले. पुढची गाठ सैल पडल्याने मागे-पुढे येणारा सगळा जोर मागच्या गाठीवर आला आणि तिच्या बुशच्या कडा झिजून गेल्या. भार असताना आर्म एका बाजूला दाबलेला राहतो, म्हणून आवाज क्वचित येई. रिकाम्या गाडीत मात्र चाक अधांतरी झाले किंवा थ्रॉटल सोडला की जोराची दिशा उलटे आणि आर्म कानावर आपटे.

एवढ्याने ‘खट’ आवाजाचा उलगडा झाला. कुरकुरीचे कारण आर्मच्या नळीत सापडले, आणि ते कुळागराशी थेट जोडलेले होते. बुश बाहेर काढल्यावर तिच्या आत ग्रीस नव्हते. निळसर पांढरा, कोरडा, चुऱ्यासारखा थर होता. पोफळींना कोळेरोगापासून वाचवण्यासाठी पावसाळ्याच्या तोंडाला आणि पुन्हा मध्यावर बोर्डो मिश्रण फवारतात: 1 टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. हे मिश्रण या गाडीच्या मागच्या रॅकवर 50 लिटरच्या दोन कॅनमधून नेले जात होते, आणि चढ-उतारावर हिंदकळून डाव्या बाजूच्या सैल झाकणातून सांडत होते. वाळलेला चुना बुश आणि स्लीव्ह यांच्यामध्ये पॉलिश पेपरचे काम करतो. मोरचूद त्याहून वाईट. चुना कमी पडलेल्या मिश्रणात तांबे मोकळे राहते, लोखंडावर चढते आणि त्या जागेचे लोखंड विरघळते. मिश्रण नीट जमले का हे पाहण्यासाठी बागायतदार त्यात लोखंडी सुरी बुडवून तांबूस थर चढतो का ते बघतात. स्लीव्हवर जागोजाग पडलेले बारीक खड्डे पाहता काही वेळा ही परीक्षा राहून गेली असावी. मालकाला स्लीव्ह हातात दिली तेव्हा त्यांनी ती उन्हाकडे धरून फिरवून पाहिली, आणि कॅनची झाकणे बदलायचे काम गाडीच्या दुरुस्तीआधीच मार्गी लावले.

रॅकवरच्या भाराबद्दलही बोलावे लागले. रॅकवर चिकटवलेल्या पट्टीनुसार मर्यादा 80 किलोची होती. दोन भरलेले कॅन म्हणजे नुसत्या पाण्याचेच 100 किलो, आणि तेही उंचावर, हिंदकळणारे. हा भार पेलावा म्हणून कोणीतरी मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण कडी फिरवून शेवटच्या खाचेपर्यंत वाढवून ठेवला होता. त्याचा परिणाम पुढे दुरुस्तीनंतर दिसला.

दुरुस्तीत वेळ गेला तो कानाच्या भोकावर. लांबट भोकात नवा बोल्ट घातला असता तर काही महिन्यांत सगळे पुन्हा तसेच झाले असते. बॅटरीची ऋण तार काढली, इंजिन नियंत्रणाच्या पेटीचा प्लग सोडला, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली, आणि मगच वेल्डिंगला हात लावला. वेल्डिंग यंत्राच्या अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, उघड्या धातूवर लावला, म्हणजे विद्युतप्रवाह बेरिंगांमधून जात नाही. 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या दोन चकत्यांना नेमके 10 मिलिमीटरचे भोक पाडले. जुना बोल्ट आणि जुनी स्लीव्ह घालून आर्म त्याच्या खऱ्या रेषेत धरला, त्या स्थितीत चकत्या कानांच्या बाहेरच्या अंगाला टाके मारून बसवल्या, आर्म काढून घेतला आणि पूर्ण वेल्ड केला. चकत्या आतल्या अंगाला लावल्या असत्या तर कानांमधले अंतर कमी होऊन स्लीव्ह बसलीच नसती. वेल्ड पूर्ण गार झाल्यावर घासून जस्तयुक्त प्रायमर दिला. प्लास्टिकची बुश त्यानंतरच आत गेली.

अडकलेली जुनी बुश काढताना आच देण्याचा मोह होतो. प्लास्टिक वितळून नळीला चिकटते आणि काम दुप्पट होते, म्हणून लांब आट्यांची सळई, दोन सॉकेट आणि नट यांच्या साहाय्याने ती ओढून काढली. नळी आतून पॉलिश पेपरने साफ केली. नवीन बुश आणि स्लीव्ह बसवण्याआधी दोन्ही बुशांच्या कडांमधली एकूण लांबी आणि स्लीव्हची लांबी ताडून पाहिली. स्लीव्ह बुशांपेक्षा केसभर लांब असायला हवी. बुश लांब निघाली तर कान बुशलाच आवळतात, आर्म जखडतो आणि गाडी दगडासारखी कडक चालते. या संचातली एक बुश जाड होती. ती सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून बरोबर केली. बोल्ट मूळ लांबीचे घेतले आणि नट नवे, नायलॉनच्या कड्याचे. एकदा काढलेला असा नट पुन्हा वापरण्यात बचत काहीच नाही. आवळून झाल्यावर चारही गाठींचे वायसर नखाने ढकलून पाहिले.

ग्रीस पाण्याला दाद न देणारे, कॅल्शियम सल्फोनेट जातीचे वापरले. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सत्तरीत घाटाच्या पायथ्याला तर गाडी चार महिने ओलीच असते. साधे ग्रीस तिथे फार टिकत नाही. निपलमधून ग्रीस गनने भरताना जुना मळ बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरायचे. अँटी-रोल बारच्या रबरी बुशांना मात्र हे ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. तिथे सिलिकॉन ग्रीस लावले.

गाडी जमिनीवर उतरवून चालवली तेव्हा कुरकुर पूर्ण गेली होती. ‘खट’ जवळजवळ गेला होता, पण पाटाच्या कडेवरून रिकामी गाडी खाली उतरली की एक बोथट ठोका अजून लागत होता आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा होता. तो स्प्रिंगच्या ताणाचा निघाला. ताण टोकाला असल्यामुळे रिकाम्या गाडीत शॉकअप जवळपास पूर्ण ताणलेला राहत होता आणि चाक खाली गेले की आतल्या थांब्यावर आदळत होता. दोन्ही कड्या मधल्या खाचेवर आणल्या. चालक नेहमीच्या जागी बसल्यावर मागचा भाग एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश खाली बसतो, याची टेपने खात्री केली, आणि ठोका थांबला. मऊ ताणावर 100 किलोचे कॅन नेता येणार नाहीत, हे उघडच होते. मालकाने त्यासाठी गाडीमागे जोडायची छोटी ट्रॉली करून घेतली. ती चढावर थोडी त्रासाची आहे, अशी चालकाची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

धुण्याच्या पद्धतीवरून थोडा वाद झाला. फवारणीचाच दाबाचा पंप वापरून गाडी धुतली जात होती, आणि चिखल झटपट निघतो म्हणून ती सवय सोडायला कोणी तयार नव्हते. दाबाचे पाणी बुशच्या आणि बेरिंगच्या सीलखालून आत शिरते. त्यातून पंपात उरलेले मिश्रणही आत जाते. शेवटी तडजोड अशी ठरली की चाके आणि मडगार्ड पंपाने धुवावीत, आर्मच्या गाठी साध्या नळीने, आणि फवारणीच्या दिवसांत गाडी त्याच संध्याकाळी धुवावी, चुना वाळायच्या आत.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेरीस केलेल्या तपासणीत डावीकडच्या गाठींत चाल नव्हती आणि निपलमधून निघालेले ग्रीस मळले असले तरी निळे नव्हते. उजव्या खालच्या आर्मचे बोल्ट मूळचेच आहेत, पण बुशच्या कडा झिजायला लागल्या आहेत. सुटे भाग आणून ठेवले असून पुढच्या फवारणीआधी ते बदलायचे ठरले आहे. पुढच्या जुन्या शॉकअपची जोडी मालकाकडे पडून होती, ती बाकावर दाबून तपासली. तेलगळती नाही, दांडा सरळ आहे, दोन्ही बाजूंचा प्रतिकार सारखा आहे. ती पुसून, तेलाचा हात देऊन, सुटे भाग म्हणून कपाटात ठेवून दिली आहे.